मुकुटावर अजून उभी असलेली भिंत

तारखा आधी नोंदवतो. शोक नंतर करीन. नेमके दिवस आणि जावक क्रमांक माझ्या फायलीत आहेत, मागेल त्याला दाखवीन. वर्तमानपत्राच्या या पुरवणीच्या वाचकाला सण आणि ऋतू पुरेसे आहेत. होळीच्या सुमारास मी पहिला अर्ज दिला, की आमच्या मोहल्ल्यामागच्या जुन्या शहरतटाला माथ्यापासून पायापर्यंत भेग गेली असून तिच्या पायथ्याशी भाजीवाल्या बसतात. उन्हाळ्यात उत्तर आले, की भिंत त्या कार्यालयाच्या ताब्यात नाही. ज्यांच्या ताब्यात असल्याचे सांगण्यात आले, त्यांना मृग लागण्याच्या आत दुसरा अर्ज दिला. श्रावणात त्यांनी कळवले, की भिंत त्यांची असली तरी तिच्या कडेचा रस्ता त्यांचा नाही, सबब अर्ज पुन्हा पहिल्या कार्यालयाकडे वर्ग करण्यात येत आहे. गणपती उठले. नवरात्र बसण्याआधीच्या एका स्वच्छ, ऊन पडलेल्या सकाळी ती भिंत पडली आणि तिच्याखाली माझे मित्र, इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक सादिक इनामदार गेले. जागेवर न येता उत्तर देणारा पहिला अधिकारी, भिंत आणि रस्ता यांच्यामध्ये रेघ ओढणारा दुसरा, आणि मृत्यूनंतर पंचनाम्यात ‘दैवी घटना’ हे दोन शब्द लिहवून घेणारा तिसरा... या तिघांना मी जबाबदार धरतो. त्यांची नावे मला ठाऊक आहेत. ती त्यांनी स्वतः सांगावीत, अशी माझी इच्छा आहे.

बातमी मला शेवंताबाईने दिली. ती त्या भिंतीपाशी मेथी-कोथिंबीर घेऊन बसत असे. दारात येऊन उभी राहिली, अंगभर चुन्याची धूळ, हातात रिकामी टोपली. “वकीलसाब, चला. तुमचे प्रोफेसर...” एवढेच तिला बोलता आले. मी वकील नाही. कायद्याची पदवी घेऊन जन्मभर न्यायालयाच्या कचेरीत नोकरी केली, काळा कोट कधी घातला नाही. पण सादिकने थट्टेने ठेवलेले नाव साऱ्या मोहल्ल्याने उचलले होते. वाटेत तिने सांगितले ते जसेच्या तसे लिहितो, कारण पंचनाम्यात ते नाही. “सर आले, वर बघत हुबे राह्यले. मंग मला म्हनले, शेवंता, टोपली उचल, तिकडं पलीकडं बस. मी म्हनलं, सर, हितंच गिऱ्हाईक येतंय. तर लई जोरात वरडले. कधी वरडत नाय ते माणूस. म्या उठले... आन् मागं वळून बघते तं भित नाय.”

सादिकचा जन्म पोलीस अ‍ॅक्शननंतरच्या हिवाळ्यातला. त्याचे वडील निजामी अमलात शाळेत फारसी शिकवीत. एका सकाळी राज्य बदलले आणि ज्या भाषेवर घर चालत होते ती भाषा कोणाला नकोशी झाली. चाळिशी उलटलेल्या त्या माणसाने मराठीची पहिल्या इयत्तेची पुस्तके आणून अंगणात बसून गिरवली, आणि पुढे त्याच मराठीत कारकुनी करून मुले वाढवली. सादिकचे मराठी त्यामुळे आमच्यापेक्षा शुद्ध होते. ते एका भेदरलेल्या माणसाने चुका होऊ नयेत म्हणून शिकलेले मराठी होते, आणि तेच मुलाकडे आले. “अब्बा म्हणायचे, किस्मतने करवट बदली,” तो मला सांगे. “मी लहान होतो. मला वाटायचं, म्हणजे ती कुठे तरी झोपलेली असणार. कोणत्या गावी, कोणत्या खाटेवर, हे शोधायला पाहिजे. मी इतिहास घेतला तो याच्यासाठी, पगारासाठी नव्हे.”

ती त्याला सापडली ग्रीकांकडे. ग्रीक तिला त्युखे म्हणत. आपण दैव हा शब्द वाऱ्यासारखा वापरतो, त्याला तोंड नाही की हात नाहीत. त्या लोकांनी मात्र तिला बाई केले, देवळात बसवले आणि तिच्या हाती काय द्यायचे याचा पिढ्यानुपिढ्या विचार केला. कोणी फळाफुलांनी ओसंडणारे शिंग दिले, कारण ती देते. कोणी पायाखाली चेंडू ठेवला, कारण ती टिकत नाही. कोणी कडेवर लहानगी संपत्ती दिली, आईने मूल घ्यावे तशी. आणि पुष्कळांनी तिच्या हाती जहाजाचे सुकाणू दिले. जुनी राज्ये मोडून नवी शहरे वसत होती त्या धामधुमीच्या काळात तर प्रत्येक शहराने आपापली त्युखे केली आणि तिच्या डोक्यावर मुकुट म्हणून त्या शहराचा तट चढवला. बुरूज, कंगोरे, सारे. एका प्रसिद्ध मूर्तीत ती खडकावर बसली आहे आणि तिच्या पायाशी त्या गावची नदी तरुण पोहणाऱ्याच्या रूपात दोन्ही हात पसरून वर येते आहे.

आमची ओळख याच बाईवरून, भांडणाने झाली. मी कचेरी सुटल्यावर कायद्याच्या वर्गाला जात असे आणि तो त्याच इमारतीत नव्याने शिकवू लागला होता. त्याच्या खोलीत त्याने स्वतः केलेली प्लास्टरची त्युखे होती, हातभर उंचीची. मी सहज म्हणालो, की दैव आंधळे असते, हिच्या डोळ्यांवर पट्टी कशी नाही? तो खुर्चीतून उठलाच. “आंधळी म्हणणारे त्यांच्यातही होते, वकीलसाहेब. पण मूर्ती करणाऱ्यांनी तिचे डोळे उघडे ठेवले. पट्ट्या नंतरच्यांनी बांधल्या. डोळे बांधून बसते ती तुमची, न्यायाची. माझी बघत असते.” मी चिडून विचारले, बघते तर काही करीत का नाही? तो हसला. “सुकाणू तिच्या हातात आहे खरं. पण बोटीची डागडुजी तिनेच करायची का?”

ते वाक्य तेव्हा मला पळवाट वाटले होते. आज मी ते तिन्ही अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवतो.

त्या मूर्तीची एक हकीकत सांगितल्याशिवाय सादिक पुरा होत नाही. महाविद्यालयात किसन नावाचा शिपाई होता, वेरूळकडच्या मेंढपाळ घरातला. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी त्याने साऱ्या कार्यालयाबरोबर या बाईलाही हळदकुंकू वाहिले, झेंडूचा हार घातला आणि शिंगात बत्तासे ठेवले. दिवाळीनंतर सुट्टी संपून आम्ही आलो, तर पांढऱ्या प्लास्टरवर कुंकवाचे ओघळ आणि बत्ताशांना मुंग्या. किसन घाबरला. “मला वाटलं लक्षुमी हाय. मंग तुम्ही वर्गात म्हनले नशिबाची देवी, तवा म्हनलं, मंग सटवाई आसंल. दोन्हीकडून फूल लागतंयच की, सर.” सादिक तिथेच खाली बसून हसला. मग गंभीरपणे म्हणाला, “किसन, फरक ऐक. सटवाई सहाव्या रात्री येते, कपाळावर लिहिते आणि निघून जाते. तिच्याशी भांडता येत नाही, कारण ती घरात नसते. ही लिहीत नाही. ही गावातच राहते, गावाची भिंत डोक्यावर घेऊन.” किसनने मान हलवली. “मंग हिला रोज विचारायला पायजे, कसं हाय म्हनून.” कुंकू सादिकने कधी धुतले नाही. उजव्या खांद्यावर ते फिकट तांबूस अजून आहे.

निवृत्तीनंतर मूर्ती घरी आली, ओसरीत दाराशेजारी बसली, आणि त्याने तिला हळूहळू आमच्या गावची केले. मुकुटावरचे परके बुरूज तासून तिथे आपला तट घडवला. मोहल्ल्यामागचा तुकडा कोणता, हे बोट ठेवून दाखवता यावे इतका तंतोतंत. पायाशी पोहणारी नदी होती, तिची आमच्या गावची खाम नदी केली. “खामेत पोहायला पाणी कुठून आणू?” म्हणून त्याने त्या तरुणाला गुडघे पोटाशी घेऊन, नाक दाबून बसवले. पाहुणे हसत. मीही हसलो आहे. हसू संपले ते त्याची पुढची रीत कळली तेव्हा. दर वर्षी पाऊस उघडला, की सादिक सकाळी सगळ्या उरल्यासुरल्या तटाच्या कडेने चालत जाई. कुठला कंगोरा ढासळला, कुठली कमान रस्त्यासाठी पाडली, कुठल्या बुरुजाचे दगड कोणाच्या जोत्यात गेले, हे डोळ्यांनी बघून येई. आणि घरी येऊन बारीक कानस घेऊन मूर्तीच्या मुकुटावरून तेवढेच कमी करी. जास्त नाही, कमी नाही. कानशीची ती कर्रकर्र मला सहन होत नसे. “दुरुस्त करायचं सोडून तू तिला बोडकी करतोयस,” मी ओरडायचो. तो फुंकर मारून पांढरी भुकटी उडवी. “मी खोटा मुकुट कसा घालू तिला? तुम्ही अर्ज लिहा. उत्तर आलं आणि भिंत बांधली, तर मी प्लास्टर कालवून परत चढवीन. वचन.” इतक्या वर्षांत त्याला एकदाही प्लास्टर कालवावे लागले नाही.

या वर्षीही पाऊस उघडला आणि तो त्यासाठीच बाहेर पडला होता.

दफन झाल्यानंतर काही दिवसांनी पंचनाम्यात शब्द घालणारा तो तिसरा अधिकारी सादिकच्या घरी सांत्वनाला आला. चहा घेतला. आधी विचारले, “पण सर तिथं गेले कशाला होते?” जणू सार्वजनिक रस्त्याने चालणे हाच अपराध. मग स्वर मऊ करून मला म्हणाला, “काका, आपण सुशिक्षित माणसं. एवढी वर्षं उभी असलेली भिंत त्याच मिनिटाला पडते, याला काय म्हणणार? नशिबापुढं कोणाचं चालतंय?” हे तो ओसरीत बसून म्हणत होता. त्याच्या डोक्याच्या बाजूलाच ती बसली होती, शिंग, सुकाणू आणि तुटका तट घेऊन. त्याला ती दिसली नाही. त्याने रिकामा कप तिच्या मांडीपाशी ठेवला.

मी कायद्याचे बोललो. दैवी घटना म्हणजे जी माणसाला आधी कळूच शकत नाही आणि वाजवी काळजी घेऊन टाळता येत नाही ती. ही भेग मी होळीला कळवली होती. तिचे चित्र सादिकने काढून अर्जाला जोडले होते. भाजी विकणाऱ्या बाईला उठवण्याइतके ते एका म्हाताऱ्याला नुसत्या डोळ्यांनी कळले. मग जे एका माणसाला वर मान करून कळले, ते दोन कार्यालयांना कळू शकत नव्हते, हे कोणत्या आधारावर नोंदवले? अधिकारी घड्याळ बघू लागला. रुकय्याभाभी, सादिकची पत्नी, दाराच्या आतून म्हणाली, “जाने दो भाईसाब. कायकू झगड़ते. मेहमान है.”

तो गेल्यावर ती बाहेर आली. कप उचलला, पदराने मूर्तीची मांडी पुसली. मग म्हणाली, “आप समझे मैं हार गई? नहीं. मेरे को मालूम है लोगां नसीब कायकू बोलते. नसीब बोले तो बात खतम हो जाती. घर जाने को देर नहीं होती.” आणि आत जाऊन तिने कानस आणली. लाकडी मुठीची, त्याच्या अंगठ्याने गुळगुळीत झालेली. “इस साल का काम बाकी है. वो होते तो अब तक कर देते. मेरे से नहीं होता. आप करो.”

मी कानस हातात घेतली. मुकुटावर मोहल्ल्यामागचा तो तुकडा अजून शाबूत होता, कंगोऱ्यांसकट. एवढेच नव्हे, तर त्यातून खाली उतरणारी केसाएवढी भेगही त्याने गेल्या वर्षीच कोरून ठेवली होती. त्याच्या नियमाप्रमाणे तो तुकडा आता जायला हवा होता. गावात तो नाही. मी कानस टेकवलीही... आणि उचलली. सादिकचा नियम त्या भिंतींसाठी होता, ज्या कशा गेल्या ते ठाऊक होते. ही पाडली गेली, की पडू दिली गेली, की आपोआप पडली, याचा निकाल अजून लागलेला नाही, आणि निकालाआधी मी शिक्षा बजावीत नाही. “भाभी, आत्ता नाही,” मी म्हणालो. तिने माझ्याकडे पाहिले. “तो फिर जवाब मंगाओ,” ती म्हणाली, आणि कानस माझ्या हातून घेऊन त्या गुडघे पोटाशी धरून बसलेल्या खामेच्या शेजारी ठेवून दिली.

मी रोज संध्याकाळी ओसरीत जातो. किसन म्हणाला होता तसे तिला विचारतो, कसे आहे म्हणून. तिचे डोळे उघडे आहेत. आमच्या मोहल्ल्यात आता त्या जागी बांबू आणि पत्रे आहेत, पलीकडे शेवंताबाई बसते; आणि सगळ्या शहरात तो एक तुकडा फक्त तिच्या डोक्यावर उभा आहे.

म्हणून ही मागणी. ज्या तिघांचा मी आरंभी उल्लेख केला त्यांनी, बंद लिफाफ्यात नव्हे, अर्ज वर्ग करून नव्हे, तर याच पुरवणीत, आपल्या नावानिशी आणि हुद्द्यानिशी उत्तर द्यावे: ती भिंत कोणाची होती, भेग कळल्यानंतर तिथे कोण गेले, आणि ‘दैवी’ हा शब्द कोणी सांगितला? उत्तर छापून येईल त्या दिवशी मी कानस उचलीन. तोवर तो तट तिथेच राहील, आणि त्याखाली बसून मी वाट पाहीन.