क्लिअरिंग सेलमधली हॉट रॉड

“फायबरग्लास आहे, मेट. नक्कल. इंजिन काढून घेऊ, बाकीची टिपवर.”

माझ्या मागे उभा असलेला दाढीवाला हे शेजाऱ्याला सांगत होता, पण चारजणांना ऐकू जाईल अशा बेताने. मेट म्हणजे दोस्त, टिप म्हणजे इथला कचरा डेपो. समोर शेडच्या दारात बुटक्या छताची, मळकट लाल गाडी उभी होती.

खरं तर आम्ही ग्रॅम्पियन्सच्या डोंगरात निघालो होतो. मी, क्लेटनला युनिव्हर्सिटीत असल्यापासूनची मैत्रीण रसिका आणि तिचा नवरा मंदार. आम्ही राहतो ते वेरिबी सोडून दोनेक तास झाले असतील, तेव्हा रस्त्याकडेला ‘क्लिअरिंग सेल’ अशी हाताने रंगवलेली पाटी दिसली (कुणी शेती सोडताना सगळं सामान शेतातच मांडून लिलाव करतात, तो). वाळक्या गवतात रांगा लावल्या होत्या: टायर, दुधाचे कॅन, खिळ्यांनी भरलेले बिस्किटांचे डबे. लिलाववाला एकेका वस्तूपाशी थांबत चालला होता आणि गर्दी त्याच्यामागून.

“ट्रॅक्टर घेऊ या का गं?” मंदार म्हणाला.

“आधी रिव्हर्स पार्किंग शीक,” रसिका म्हणाली.

दोघं स्कोन, म्हणजे इथले केकसारखे छोटे पाव, घ्यायला रांगेत गेले. मी गाडीपाशी थांबले. मी एका विमा कंपनीत ठोकलेल्या गाड्यांचे फोटो बघून नुकसानीचा अंदाज काढते, त्यामुळे गाडी दिसली की पाय अडतो. ही हॉट रॉड होती (जुनी गाडी कापून, मोठं इंजिन बसवून वेगासाठी घडवलेली). अशा गाड्यांच्या फायबरग्लासच्या नकला खूप निघतात.

दाढीवाल्याने खिशातून लोहचुंबक काढलं आणि काचेजवळच्या, छत पेलणाऱ्या खांबाला टेकवून हात सोडला. चुंबक गवतात पडलं. त्याने खांदे उडवले. इतका वेळ गाडी निरखणारे दोघं निघून गेले.

तो सॉसेज आणायला गेल्यावर मी पर्समधून ऑफिसचा नावाचा बॅज काढला. त्याला मागे चुंबक असतं. दाराला लावला, चिकटला. मडगार्डला चिकटला. खांबावरून मात्र पडला. तिथला रंग उडाला होता आणि आतलं काहीतरी करडं दिसत होतं. नखाने ओरखडल्यावर चांदीसारखं चमकलं. शिसं. माझ्या पहिल्या बॉसची हयात गॅरेजमध्ये गेली होती. पुट्टी येण्याआधी सांधे वितळलेल्या शिशाने भरायचे, हे त्याने मला एकदा दाखवलं होतं. म्हणजे गाडी अस्सल पत्र्याची होती, आणि छत कुणीतरी फार पूर्वी हाताने कापून बसवलं होतं. मी मनात किंमत धरली. जास्त वाटली म्हणून पुन्हा धरली. तेवढीच आली. दाढीवाल्याच्या भंगाराच्या कितीतरी पट.

“चार इंच कापलंय,” आवाज आला. शेडच्या सावलीत घडीच्या खुर्चीवर एक आजी बसल्या होत्या. मार्ज. शेत त्यांचंच. “रॉन, माझा नवरा, ब्लोटॉर्च धरायचा. मी लाकडी फळीने शिसं थापायचे. लेक पोटात होती तेव्हा. आज कुणी करू देईल का?”

“लिलाववाल्याला सांगितलंत?”

“घरी बनवलीय म्हटलं. तो म्हणाला, घरगुती म्हटलं की भाव पडतो, बोलू नका. मग नाही बोलले.” त्यांनी मांडीवरची माशी हाकलली. “आता हा दाढीवाला नक्कल म्हणतो. असेलही. रॉनने नंतर कधी बॉडी बदलली असेल. मला हल्ली सगळं आठवतं असं नाही, डिअर.”

त्या गाडीकडे बघत नव्हत्या. स्वतःच्या हातांकडे बघत होत्या. किमतीचं एक वेळ ठीक, पण आपण जे केलं ते केलंच नव्हतं, असं त्यांना वाटू लागलं होतं. मी त्यांना शिशाचं सांगायला तोंड उघडलं, तोच गर्दी येऊन ठेपली.

दाढीवाल्याची बोली लागली. पुढे कुणी बोलेना. लिलाववाल्याने पहिल्यांदा पुकारलं. शाळेत उत्तर येत असूनही माझा हात वर जात नसे. मीटिंगमध्ये अजूनही मी चॅटमध्ये टाइप करते. रसिका लांब, हातात स्कोनच्या प्लेटी. दुसऱ्यांदा पुकारलं.

“सॉरी,” मी म्हणाले. कुणी वळलं नाही. मी पुढे होऊन बॅज दारावर ठेवला आणि हात काढून घेतला. तो तिथेच राहिला. लिलाववाला थांबला, मग सगळेच माझ्याकडे बघू लागले.

“ही पत्र्याची आहे. चुंबक पडतं तिथे सांध्यात शिसं आहे, हाताने थापलेलं. ज्यांनी थापलं त्या इथे बसल्यात. आधी त्यांना विचारा, मग बोली लावा.”