मुखरूच्या पोराची ड्युटी

नागभीडजवळच्या आमच्या ढिवरांच्या गावात राबणाऱ्याला रिकामा म्हणतात आणि खुर्चीवर बसलेल्याला कामाचा. मुखरूचा हेमराज पहाटेच तलावात उतरायचा, कमरेइतक्या पाण्यात जाळं फेकायचा आणि ऊन चढायच्या आत टोपलंभर मासे बाजारात पोचवायचा. पण पोरगा काय करतो असं कोणी विचारलं, की मुखरू खालमानेनं सांगायचा, "काई नाई करत. मासे मारते."

पोराचं लग्न अडलंय ते या रिकामपणामुळेच, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. तेवढ्यात आमच्या मच्छीमार संस्थेनं तलावावर राखणदार नेमायचं ठरवलं, कारण चोरून मासे मारणारे वाढले होते. पगार बेताचा, पण खाकी शर्ट, शिटी आणि प्लास्टिकची खुर्ची मिळणार होती. अट एकच होती. राखणदाराच्या घरातलं कोणी सभासद नको, म्हणजे त्या घरानं तलावात जाळं टाकायचं नाही. मी मुखरूला म्हणालो, "भाऊ, बापाच्या वेळचा वाटा हाय. सोडू नको."

"तुले माह्या पोराची ड्युटी पाहावत नाई काय?" म्हणाला, आणि सभासदत्व सोडून आला.

मग काय विचारता! हेमराज दिवसभर तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, खुर्ची टाकून बसू लागला. घर हाकेच्या अंतरावर, तरी त्याची आई रुखमाबाई डबा घेऊन जायची. ड्युटीवरचा माणूस घरी येऊन जेवला तर लोक काय म्हणतील? डब्यात बेसन असायचं, कारण मासे आता विकत आणावे लागत. काल त्याला रिकामटेकडा म्हणणारे आज वाट वाकडी करून रामराम घालू लागले. बसून बसून त्याचं पोट सुटलं, आणि ते बघून मुखरूला भरून आलं. मला मात्र चीड येत होती. असं नेमकं जाळं फेकणारा दुसरा पोरगा गावात नव्हता.

पुढे गोंडपिपरीकडचे गुणवंतराव आपल्या धाकट्या लेकीसाठी, दिव्यानीसाठी, घर बघायला आले. चहा झाला. त्यांनी विचारलं, "तलावात वाटा हाय ना तुमचा?"

"सोडला," मुखरू छाती काढून म्हणाला. "पोराले ड्युटी लागली."

गुणवंतरावांनी कप खाली ठेवला. "मोठ्या पोरीले ड्युटीवाल्यालेच देल्ली होती, भाऊ. त्याची ड्युटी गेली. आता तो ओट्यावर बसून रायते, अन् पोरगी लोकाइच्या धानाच्या बांधीत रोवणी करते. तुमच्या पोराचं जाळं आयकून आलो होतो मी." पाहुणे जेवायला थांबले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पाण्यात होतो. मुखरू खांद्यावर जाळं टाकून पाळीवरून खाली उतरला, जणू मधले महिने गेलेच नव्हते. हेमराज आडवा आला.

"बाबा, आता इथी टाकता येत नाई."

मुखरू थांबला, पण मागे वळेना. हेमराजनं शिटी तोंडाशी नेली. त्याच्यानं फुंकवेना.

"फुक ना," मुखरू म्हणाला. "पगार कायचा घेतेस मंग?"

हेमराजनं शिटी फुंकली, आणि बाप घरी गेला.