अठ्ठेचाळीस किलोची टीना

टीना फुंडेचं वजन एरवी एक्कावन्न किलो असायचं आणि बॉक्सिंगमध्ये ती लढायची अठ्ठेचाळीसच्या गटात. मधले तीन किलो म्हणजे नुसतं पाणी, असं तिच्या कोच संघमित्रा मॅडम सांगायच्या. स्पर्धेच्या आधी ते काढायचं, काट्यावर उभं राहायचं आणि उतरल्याबरोबर पुन्हा भरायचं. सगळ्याच मुली असं करतात. एक्कावन्न किलोत लढणाऱ्या मुली खरं तर चोपन्नच्या असतात, त्याही उतरूनच येतात. त्यामुळे टीना आपल्या खऱ्या वजनात लढायला गेली असती, तर समोरची मुलगी तिच्यापेक्षा हातभर उंच निघाली असती.

खुर्सीपारच्या प्लांट क्वार्टरमध्ये ती वाढली. वडील गुलाबराव तरुणपणी आमगावजवळचं गाव सोडून भिलाईला आले आणि कोक ओव्हनमध्ये लागले. कोळसा भाजणाऱ्या भट्ट्यांची जी लांब रांग असते तिला प्लांटमध्ये बॅटरी म्हणतात. गुलाबराव त्या बॅटरीच्या माथ्यावर काम करायचे. तिथली जमीन इतकी तापते की बुटाला लाकडी तळ लावावा लागतो.

येत्या मार्चमध्ये ते रिटायर होणार होते. रिटायर झालं की क्वार्टर सोडावं लागतं. टीनाच्या आईने, मथुराबाईंनी, भाड्याची खोली बघायला सुरुवात केली होती, पण मनातून सगळे एका गोष्टीची वाट बघत होते. हिसारला राष्ट्रीय स्पर्धा होती. तिथे मेडल आलं तर रेल्वेच्या खेळाडू भरतीत टीनाला अर्ज करता येणार होता. मॅडमनी आधी शिकवलेल्या दोन मुली तशाच लागल्या होत्या. एक तर दुर्गच्याच स्टेशनवर टीसीचा काळा कोट घालून उभी असायची आणि टीना दिसली की लांबूनच हाताची मूठ दाखवायची.

स्पर्धेच्या आठवड्यात मॅडमनी मीठ बंद केलं. मीठ शरीरात पाणी धरून ठेवतं. ते थांबवलं की पाणी सुटायला लागतं, मग शेवटच्या दिवशी घामावाटे काढणं सोपं जातं. मथुराबाई मीठ टाकायच्या आधीच टीनाची वाटी बाजूला काढायच्या.

“ह्याले वरण म्हनाचं का?” त्या म्हणायच्या. “बिमार मानसाले बी कोनी असं देत नाई.”

गुलाबराव समोर बसून बघायचे. “वजन कमी कराचं हाये तं भात तोडा ना. मीठ काऊन तोडलं? मीठ किती भरते वजनाले?”

“बाबा, मीठ पाणी पकडून ठेवते.”

“तुह्या मॅडमनं कधी बॅटरीवर उभं राहून पाह्यलं का? घाम गेला का मीठ जाते, मीठ गेलं का मानूस बसते. मी सोताच्या डोळ्यानं पाह्यलं.”

ते खरंच होतं. नोकरीच्या पहिल्याच उन्हाळ्यात ते बॅटरीवर कोसळले होते. पोटऱ्या वळून दगडासारख्या झाल्या होत्या. धोंडबा नावाच्या जुन्या कामगाराने त्यांच्या तोंडात मीठ कोंबलं, वरून खारं ताक पाजलं, आणि थोड्या वेळाने ते उठून बसले. तेव्हापासून गुलाबरावांच्या शर्टाच्या खिशात मिठाची पुडी असायची. बॅटरीवर नवा माणूस आला की त्याचा जोडीदार अशी पुडी जवळ ठेवायचा. हा तिथला रिवाज होता, आणि गुलाबरावांनी त्या पुडीने कितीतरी जणांना उठवून बसवलं होतं.

हिसारला जायला त्यांनी सुट्टी काढली. पोरीचा कोट उचलायला कोणी पाहिजे, असं म्हणाले. कोट त्यांचाच होता, भट्टीजवळ घालायचा, चांदीसारखा चमकणारा, प्लांटमधून बाद झालेला. तो घालून पळालं की पाच मिनिटांत अंग निथळायचं.

दुर्गहून गाडी सुटली तेव्हा टीना अठ्ठेचाळीस किलो सहाशे ग्रॅम होती. मॅडमच्या बॅगेत छोटा काटा होता, त्याच्यावर निघायच्या आधी बघितलं होतं. मॅडम खूश होत्या. हिसारला दुपारी पोचायचं, संध्याकाळी कोट घालून अर्धा तास पळायचं, बाकीचं झोपेत जातं. माणूस झोपतो तेव्हा श्वासातूनही पाणी जात असतं. सकाळी वजन.

मॅडमची सीट दुसऱ्या डब्यात होती. टीनाजवळ बाबा होते आणि मोना होती. मोना सगळ्यात वरच्या वजनात लढायची, तिला खाण्याची कसलीच आडकाठी नव्हती. तिने डबा उघडला आणि भज्यांचा वास डब्यात पसरला.

“तू टेन्शन नको घेऊ,” मोना म्हणाली. “तुह्या वाटनीचं मी खाऊन राहिली ना.”

“खा, खा. तुले काटा काही म्हनत नाई.”

“काटा मले घाबरते.”

टीना हसली, म्हणजे तोंड हसल्यासारखं केलं. ओठ कोरडे होते. तिला भूक लागली नव्हती. भूक दोन दिवसांपूर्वी लागायची, आता ती जागा नुसती रिकामी होती. खिडकीबाहेर काय जातंय ते ती बघत होती आणि लगेच विसरत होती.

आग्र्याच्या अलीकडे धुकं लागलं आणि गाडी उभी राहिली. मग थोडी सरकली, पुन्हा उभी राहिली. खिडकीची काच पांढरी झाली. मॅडम दुसऱ्या डब्यातून येऊन तिचे पाय बघून गेल्या. बसून बसून घोट्यांवर सूज आली होती, बोट दाबलं की खड्डा राहत होता. “थोडी हालचाल कर,” त्या म्हणाल्या. “गाडीत वजन उतरत नाही, बसून राहतं.”

टीनाने चांदीचा कोट घातला आणि दोन डब्यांच्या मधल्या जागेत उड्या मारायला लागली. तिकडून टीसी आला. “अरे बाप रे! ये रॉकेट कहाँ जा रहा है?”

“हिसार,” टीना म्हणाली.

“आज तो रॉकेट भी लेट है, बेटा.”

थंडी इतकी होती की घाम आलाच नाही. पोटरी मात्र वळली. ती सीटवर येऊन पडली आणि पाय सरळ होईना. गुलाबरावांनी पाय मांडीवर घेतला. पोटरीत ती गाठ त्यांच्या अंगठ्याखाली आली आणि त्यांचा चेहरा बदलला. ही गाठ त्यांच्या ओळखीची होती.

मोना वरच्या बर्थवर घोरत होती. गुलाबरावांनी टीनाची छोटी बाटली उचलली. दिवसभरात तेवढंच पाणी प्यायला परवानगी होती, आणि ते अजून निम्मं शिल्लक होतं. ते बाटली घेऊन बेसिनकडे गेले, परत आले. बाटली भरलेली होती.

“पी.”

पहिल्या घोटातच टीनाला कळलं. आठवडाभर अळणी राहिलेल्या जिभेवर मीठ पडलं आणि जीभ एकदम जागी झाली. तेवढीच जागी झाली, बाकी सगळं अंग तसंच राहिलं. हे पाणी आता आपल्यातून निघणार नाही, हे तिला माहीत होतं. मॅडमनी कितीदा समजावलं होतं. तिने बाटली खाली घेतली नाही.

“मॅडमले नको सांगू,” बाबा म्हणाले. “उगाच लेक्चर देईन. जरासंच हाये.”

पोटरी हळूहळू सैल झाली. “पाह्यलं?” बाबांनी विचारलं, आणि त्यांना इतका आनंद झाला होता की टीनाने नुसती मान हलवली.

गाडी तिथेच उभी होती. मिठाने तहान वाढली. तिने पुन्हा मागितलं, त्यांनी पुन्हा दिलं.

हिसारला पोचले तेव्हा पळायला वेळ उरला नव्हता. होस्टेलमध्ये गरम पाणीही नव्हतं. सगळे जाऊन झोपले. सकाळी मॅडमनी काटा जमिनीवर ठेवला. अठ्ठेचाळीस किलो आठशे.

मॅडमनी काटा उचलला, झटकला, दुसऱ्या फरशीवर ठेवला. पुन्हा आठशे.

“वाढलं कसं? उलटं कसं काय चाललं हे?”

टीना काट्यावरच उभी होती.

“टीना, मी तुला विचारते. काय घेतलंस?”

“काही नाई.”

“मोना, तू तिला काही दिलं?”

“मॅडम, मी तं माहंच पुरू देत नाई,” मोना म्हणाली.

मग चांदीचा कोट, त्याखाली दोन स्वेटर, डोक्याला टॉवेल. मैदानाभोवती धुक्यात टीना पळत होती आणि मोना तिचा दंड धरून शेजारी पळत होती, कारण टीना सरळ रेषेत जात नव्हती. गुलाबराव कडेला उभे होते. त्यांना वाटत होतं, काल थोडं दिलं म्हणूनच पोरगी आज पळून राहिली. घाम आला, पण चिकट, थोडा थोडा. ती पेल्यात थुंकत होती. थुंकी संपली तेव्हा पेला बाजूला ठेवला.

वजनाची वेळ संपत आली होती. बाहेरच्या काट्यावर अठ्ठेचाळीस किलो आणि ऐंशी ग्रॅम. आत अधिकृत काटा होता, त्याच्यावर चढायला एकच संधी.

मॅडम तिच्या वेणीकडे बघत होत्या. वेणी कमरेपर्यंत होती. निघायच्या आदल्या दिवशी मथुराबाईंनी तेल लावून घट्ट घालून दिली होती.

“कापा,” टीना म्हणाली.

बँडेज कापायच्या कात्रीने मोनाने वेणी कापली. कात्री बोथट होती, वेळ लागला. कापताना मोनाच रडत होती. “मॅडम, हे कुठे ठेवू?” तिने वेणी हातात धरून विचारलं. मग तिने ती आपल्या बॅगेत टाकली.

अधिकृत काट्यावर आकडा आला अठ्ठेचाळीस. पुढे शून्य, शून्य. मॅडमनी डोळे मिटले. टीनाने आकडा बघितला, आणि तो दुसऱ्याच कोणाचा असावा तशी ती खाली उतरली.

मग भरायचं होतं. केळी, ग्लुकोज, मध, भात. पोटाने दोनदा घेतलं आणि दोनदा परत केलं. दुपारी तिची लढत लागली. समोर हरियाणाची मुलगी होती. ती होस्टेलवर नाही, मावशीकडे उतरली होती, असं कोणीतरी सांगितलं.

लढतीतलं टीनाला फारसं आठवत नाही. ठोसे लागत होते हे तिला आवाजावरून कळत होतं. शेजारच्या क्वार्टरमध्ये कोणी मसाला कुटावा तसा तो आवाज यायचा, दुखायचं नाही. हात उचलायचा असं ती ठरवायची आणि हात थोड्या वेळाने उचलला जायचा. दुसऱ्या फेरीत रेफरी तिच्यासमोर बोटं मोजत होता. तिला त्याची बोटं दिसत होती, अंगठ्याजवळ एक जुना व्रण होता. तिसरी फेरी तिने उभ्याने काढली. पाचही जजेसनी लढत समोरच्या मुलीला दिली.

“तुझं शरीर आता अठ्ठेचाळीसचं राहिलं नाही,” मॅडम हातमोज्यांचे पट्टे सोडताना म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. “तू काही खाल्लं नाही, प्यायलं नाही, तरी वजन चढलं. म्हणजे हाड भरलं. पुढच्या वर्षी तुला वर लढवू.”

वर म्हणजे एक्कावन्न. वर म्हणजे त्या उंच मुली, आणि मार्चच्या पुढचं वर्ष. टीना एक वाक्य बोलली असती तर मॅडमचं मत बदललं असतं. तिकडे खुर्च्यांच्या रांगेत बाबा चांदीचा कोट घडी करून मांडीवर घेऊन बसले होते. तिने दुसरा हात मॅडमपुढे केला.

परतीच्या गाडीत धुकं नव्हतं. मोनाला ब्राँझ मिळालं होतं आणि ती ते शर्टाच्या आत घालून बसली होती, टीनासमोर दिसू नये म्हणून. गुलाबराव फोनवर मथुराबाईंशी बोलत होते.

“नाई वं, पोट्टी चांगली लढली. तीनही राउंड उभी होती. मीठ तोडलं ना त्या मॅडमनं, तिथंच घात झाला. गाडीत मी चोरून जरासं पाजलं तिले, म्हनून तेवढी तरी उभी राह्यली. पन उशीर झाला होता. पह्यल्या दिवसापासून देल्लं असतं तं मेडल होतं आपलं... हो. हो ना. खोली पाहून ठेव तू. अजून मार्चले टाइम हाये.”

फोन ठेवून त्यांनी टीनाकडे बघितलं. तिचे केस मानेवर वेडेवाकडे उभे होते. त्यांनी तिची बाटली घेतली, खिशातली पुडी काढली, दोन चिमटी टाकून बाटली हलवली आणि झाकण उघडून तिच्यापुढे धरली.

“पी. आता कोनी काही म्हनत नाई.”

टीनाने बाटली घेतली आणि एका दमात रिकामी केली. पाणी खारट होतं.

“अजून?” बाबांनी विचारलं.

“द्या,” टीना म्हणाली.