तोंड मिटलेला मासा

आमच्या वन्संना बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. दाढ काढायला गेल्या होत्या तेव्हा खुर्चीत बसल्या असतील, पण ते बघायला मी नव्हते. जेवायच्यासुद्धा उभ्याने. ताट ओट्यावर, दोन घास झाले की खिडकीशी, परत येऊन दोन घास. ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, लहानपणीच त्यांचं नाव भिंगरी ठेवलं होतं, ते पन्नाशी आली तरी सुटलं नाही. वन्सं ह्यांच्या पाठची बहीण, माझ्याहून मात्र चार वर्षांनी मोठ्या. म्हणून मी त्यांना वन्सं म्हणते, त्या मला वहिनी म्हणतात, आणि आम्ही दोघी एकमेकींशी अहो-जाहो करून भांडतो. तशा भांडणात जास्त मजा येते, करून बघा एकदा.

नोकऱ्या तर किती केल्या! टेलिफोनच्या ऑफिसात होत्या, शिवणाच्या कारखान्यात होत्या, दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर होत्या. वाचनालयात अकरा महिने टिकल्या तेव्हा ह्यांनी पेढेच वाटायचे बाकी ठेवले होते. लग्न केलं नाही, घर घेतलं नाही. तीन वर्षांपूर्वी एक चॉकलेटी बॅग घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या. "चार दिवस राहते हं, वहिनी." मी कपाटाचा अर्धा भाग रिकामा करून दिला. त्यांनी त्यात एक रुमालही ठेवला नाही. कपडे बॅगेतून काढायचे, धुवायचे, वाळले की परत बॅगेत, वर पितळेचं एवढंसं कुलूप, आणि बॅग खाटेखाली. जणू खाली गाडी उभीच आहे! वर्षभर वाट पाहिली आणि त्या अर्ध्या कपाटात मी जुनी अंथरुणं कोंबली. मनात राग होता माझ्या, खोटं कशाला बोलू? पाहुण्या आहात तर पाहुण्यासारख्या राहा, घरच्या आहात तर बॅग तरी उघडा.

मग त्या माशांच्या दुकानात लागल्या. घरात शोभेला ठेवतात ते खाऱ्या पाण्यातले मासे विकायचं दुकान. त्यांचं काम काय, तर लांबून आलेल्या पिशव्या उघडायच्या, जिवंत एका टाकीत, मेलेले बादलीत. संध्याकाळी घरी आल्या की हात तीन-तीनदा धुवायच्या. एकदा म्हणाल्या, "आज बादलीच जास्त भरली, वहिनी. समुद्रातून उपसून आणायचे आणि वाटेत मारायचे. काचेतच जन्मले असते तर यातलं काहीच झालं नसतं." मला वाटलं, दुःख झालंय, उतरेल. कसलं उतरतंय! महिन्याभरात तीही नोकरी सोडली, मालकाकडून एक जोडी मागून आणली आणि आमच्या मागच्या खोलीत काचेच्या टाक्या मांडल्या.

ती खोली माझी होती. माझं शिवणयंत्र तिथे खिडकीशी होतं, उजेड डावीकडून यायचा. ते जेवणाच्या टेबलामागे गेलं आणि तेव्हापासून दोरा ओवताना मी रोज एकदा तरी ऐकवायचे, "माझी खोली कधी मिळणार?" रोज. हे लक्षात ठेवा, कारण पुढे तेच माझ्या अंगाशी आलं.

आता तो मासा. बोटाएवढा, चंदेरी अंगावर काळे उभे पट्टे, पर लांब आणि ठिपक्याठिपक्यांचे. मादी अंडी घालते आणि मोकळी होते. नर ती सगळी तोंडात घेतो. अंडी तोंडातच फुटतात, पिल्लं तोंडातच वाढतात, जवळजवळ महिनाभर. तेवढे दिवस बाप तोंड मिटून असतो, काही खात नाही. वेळ भरली की तोंड उघडून पिल्लं बाहेर सोडतो, पोहती, खाती. इतकं सगळं तो करतो, पण एक खोट आहे त्याच्यात. घाबरला की गिळतो. टाकीवर सावली पडली, काच वाजली, कोणी सारखं डोकावलं, की संपलं.

आणि हा मासा पाळला कोणी? आमच्या वन्संनी!

पहिल्या खेपेला सहाव्या दिवशी गिळलं. दुसऱ्या खेपेला नवव्या. दर पाच मिनिटांनी बाई आत. पाणी गरम झालं का, पंप चालतोय का, गाल फुगलेला आहे ना अजून. टॉर्च मारून बघायच्या. तिसऱ्या खेपेला तर पाणी छान असताना बदललं. चौथ्या खेपेला चौदा दिवस गेले, आणि नेमकं पंधराव्या दिवशी बाईंना वाटलं की टाकी जरा उजेडाकडे सरकवावी. रिकाम्या गालाचा मासा बघून त्या बाहेर आल्या तेव्हा ह्यांचं जेवण चाललं होतं. ह्यांना पोच कमीच. म्हणाले, "भिंगरे, आयुष्यात एक गोष्ट तरी तडीला ने."

वन्संनी उचललेलं ताट परत ओट्यावर ठेवलं. "या पुढच्या खेपेला नाही जमलं, तर जोडी परत देते आणि मीही जाते. मैत्रीण कधीची बोलावतेय."

माझ्या मनात काय आलं सांगू? आधी आलं, यंत्र परत खिडकीशी जाईल. लगेच दुसरं आलं, की ओट्याशी उभं राहून कोणी जेवणार नाही, कोणी माझ्या भाजीला नावं ठेवणार नाही, आणि मी दिवसभर भांडू कोणाशी, ह्यांच्याशी? ह्यांना भांडतासुद्धा येत नाही. 

पाचव्या खेपेला नराचे गाल फुगले त्या सकाळी वन्संनी स्वतः बाजारातून जाडजूड लोखंडी कुलूप आणलं, खोलीला लावलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. "वहिनी, मला आत सोडू नका. मी पाया पडले तरी सोडू नका." नियम ठरले. सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिनिटं, दोघींनी मिळून. मादीला खायला लांबच्या कोपऱ्यात, नळीने, थोडं थोडं, म्हणजे तिची धावपळ नराच्या अंगावर येत नाही.

मग सुरू झाले ते दिवस. घरभर येरझाऱ्या! त्यांनी सगळ्या बिजागऱ्यांना तेल घातलं. पंखे पुसले. माझे मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे लावले, मी परत माझ्यासारखे लावले, त्यांनी परत उंचीप्रमाणे. दर तासाला नवीन निमित्त. "वहिनी, पंपाचा आवाज बदललाय." "नाही बदललाय." "वास येतोय." "माझ्या फोडणीचा आहे." अकराव्या दिवशी खरोखर हात जोडले. "एकदाच. दारातून." मी म्हटलं, "वन्सं, बाजूला व्हा, मला केर काढायचाय." किल्ली मी आधी साखरेच्या डब्यात ठेवायचे, तिथे त्यांचा हात गेला तशी ह्यांच्या जुन्या बुटात ठेवली. बुटाला त्या हात लावणार नाहीत, खात्री होती.

सतरा झाले, अठरा झाले, वीस झाले. इतके दिवस तो मासा कधी टिकलाच नव्हता. वन्संची झोप उडाली, आणि मी? मी नुसती बघत होते. रोज दोनदा पाच-पाच मिनिटं. त्या गालांकडे बघायच्या, मी पोटाकडे. खपाटीला गेलं होतं हो! डोकं तेवढं मोठं, मागे अंग नुसतं पानासारखं. पाठीचा कणा दिसायला लागला होता. माझ्या घरातून मीटर बघायला आलेला माणूस खाल्ल्याशिवाय गेलेला नाही. ह्यांचा साहेब एकदा मला शिव्या द्यायला आला होता, कारण ह्यांच्या डब्यातलं खाऊन त्याचं वजन वाढलं. आणि माझ्या छपराखाली एक जीव वीस-बावीस दिवस उपाशी? घासभर अन्न माझ्या घशाखाली उतरेना.

बाविसाव्या दिवशी दुपारी वन्संना मीच टाकीचं मीठ आणायला दुकानात पिटाळलं. घर शांत. मी कोळंबी सोलली, सुरीने अगदी बारीक केली, धुतली. बुटातून किल्ली काढली. मनात म्हटलं, तुला नको असेल तर नको खाऊ बाबा, पण समोर तर ठेवते. आणि ठेवलं ते नेमकं समोर. त्याच्या तोंडापाशी.

मादी कोपऱ्यातून सुटली ती थेट त्याच्यावर येऊन आदळली. त्याचं तोंड उघडलं. आतून एकदम डोळ्यांचे ठिपके सांडले, पोटाला अंड्यातल्या बलकाची पिवळी पोटली लटकलेली इवली इवली पिल्लं, धड पोहताही न येणारी. आणि मादी माझी कोळंबी सोडून पिल्लं वेचायला लागली. आई असून! मी किंचाळले. धावत स्वयंपाकघरात गेले, चहाची गाळणी आणली, कपात टाकीचं पाणी घेतलं आणि कोपरापर्यंत हात बुडवून जेवढी दिसली तेवढी उचलली.  कपात मोजली, एकोणीस. नराचे गाल बसलेले. तळाशी कोळंबीचे पांढरे कण.

तेवढ्यात वन्सं दारात. हातात मिठाची पिशवी.

 इतके महिने रोज खोली मागणारी मी, त्यांना घराबाहेर काढून, कुलूप उघडून, टाकीत हात घातलेला. कोण म्हणेल मुद्दाम नाही केलं? तरी सांगितलं. "मी खायला घातलं त्याला. उपाशी बघवेना. वन्सं, शपथ घेऊन सांगते, खोलीसाठी नाही हो केलं."

त्या बसल्या. तिथेच फरशीवर, भिंतीला टेकून, मिठाची पिशवी मांडीवर. हलेनात. आणि मी येरझाऱ्या घालायला लागले. दारापासून टाकीपर्यंत, टाकीपासून दारापर्यंत, हातात कप. ओरडा ना, म्हटलं, शिव्या द्या, पण असं बसू नका.

"किती आहेत?" त्यांनी विचारलं.

"एकोणीस."

"कप हलवू नका. आणि ती पाण्याची प्लास्टिकची बाटली द्या मला."

उठल्या त्या उठल्या. बाटलीचा तळ कापला, उलटी टांगली, खालून हवेची बारीक नळी घातली. त्यातून बुडबुडे असे सोडायचे, की बापाच्या तोंडात होती तशी पिल्लं पाण्यात हळूहळू वरखाली फिरत राहिली पाहिजेत. बुडबुडे जास्त झाले तर पोटली फाटते. कमी झाले तर पिल्लं तळाशी बसतात आणि कुजतात. आणि ती नळी मेली एका मापावर राहील तर ना! दर पाच मिनिटांनी बघायचं, नळीवरचा स्क्रू केसभर फिरवायचा, मेलेलं दिसलं की ड्रॉपरने काढायचं. एका जागी बसणाऱ्या माणसाचं हे कामच नव्हे. मी अर्धा तास बसले आणि डुलकी लागली. वन्सं आठ दिवस त्या बाटलीभोवती फिरत होत्या. ह्यांनी खुर्ची आणून दिली, तिच्यावर त्यांनी टॉवेल वाळत घातला. मी घास भरवायचे, त्या फिरता फिरता खायच्या. भाजीला नावंही ठेवायच्या, तेव्हा जरा माझ्या जिवात जीव आला.

तिसऱ्या दिवशी मी विचारलंच. "वन्सं, तुम्हाला वाटलं ना, मी मुद्दाम केलं?"

"वाटलं," त्या स्क्रू फिरवत म्हणाल्या. "दारातून बघितलं तेव्हा वाटलं. मग तुमच्या हातात गाळणी दिसली."

एकोणिसातली आठ गेली. अकरांच्या पोटल्या जिरल्या, आणि नवव्या दिवशी सकाळी ती छोट्या टाकीत सोडली. बाटली धुवायच्या काळ्या ब्रशचे केस तिथे लपायला ठेवले होते, अकराही त्यात जाऊन उभी राहिली, पट्ट्यापट्ट्यांची, बापासारखं तोंड करून. वन्संनी अंड्यांतून नुकत्याच निघालेल्या, धुळीएवढ्या कोळंब्या सोडल्या. एकाने टिपली. मग सगळ्यांनी. हे दोनदा मोजून म्हणाले, "अकरा आहेत गं," आणि नाक शिंकरायला बाहेर गेले. बापाला त्या दिवशी पोटभर घातलं, तेही मीच.

दोन महिन्यांनी त्याचे गाल परत फुगले. मी बुटातली किल्ली काढून वन्संपुढे धरली. म्हटलं, ही तुम्हीच सांभाळा, माझा मला भरवसा नाही. त्या म्हणाल्या, "माझा तरी कुठे आहे? तुमच्याकडेच राहू दे." संध्याकाळी बघते तर खोलीच्या दाराला दोन कुलपं. लोखंडी होतंच, त्याच्या खाली आणखी एक. त्याची किल्ली म्हणे त्यांच्याकडे. म्हणजे एकीला आत जायचं तर दुसरीला हाक मारल्याशिवाय गत्यंतर नाही.

खालचं कुलूप पितळेचं, एवढंसं. मी ते ओळखलं आणि तशीच त्यांच्या खोलीत गेले. खाटेखाली बॅग उघडी, रिकामी. कपाट उघडलं तर अर्ध्या भागात त्यांचे कपडे रांगेत लावलेले, उंचीप्रमाणे, आणि माझी अंथरुणं सगळी जमिनीवर ढीग करून टाकलेली. डोळ्यांतलं पाणी पुसलं आणि आवाज चढवला.

"वन्सं! याच्या घड्या कोण घालणार?"

"मी आहे ना आता," बाहेरून उत्तर आलं. "घालते सावकाश."