सहा देवांचा साहेब

वारलूचा भरतीच्या निकालावर विश्वास नव्हता. कुठल्याच. आलापल्लीजवळच्या त्याच्या गावात निकालाची बातमी आली की तो निकेशच्या चहाटपरीवर बसून एकेका नावाची चिरफाड करायचा. "हा घाटावरचा. याचा मामा वर बसून आहे. अन् हा भद्रावतीचा, पन कोनाचा तरी जावई असन." कोणाचा, ते त्याला ठाऊक नसायचं. पण पाणी कुठेतरी मुरतंय याची खात्री असायची. बाकावरचे माना डोलवायचे. गावातलं कोणी नोकरीला लागत नव्हतं, आणि त्याला काहीतरी कारण तर हवंच होतं.

वारलूचंही दुखणं होतंच. तरुणपणी वनरक्षकाच्या भरतीत तो जीव तोडून धावला, पुढे आला, आणि छाती मोजणाऱ्यानं कमी भरते म्हणून मान हलवली. तेव्हापासून गड्याचा मोजायच्या फितीवरही विश्वास उरला नाही.

आता त्याच भरतीला त्याची पोरगी उभी होती. ललिता उजाडताना डांबरी रस्त्यावर धावायची आणि मागून वारलू सायकलवर, हातात काठी, कारण मोहाची फुलं पडतात त्या दिवसांत तिकडे अस्वल फिरतं. लेखी पेपरात ती पास झाली, धावण्यातही झाली, आणि उरली गोंडी बोलण्याची तोंडी परीक्षा. तिला धीर द्यायला म्हणून वारलू सोबत गेला. खरं तर पहारा द्यायलाच गेला होता. गेटपाशी उभा राहून फोनवर बोलणाऱ्या प्रत्येकाकडे तो डोळे बारीक करून बघत होता. एका पोरानं कोणा साहेबाला वाकून नमस्कार केला.

"पाह्य, झाला सौदा," वारलू म्हणाला.

"बाबा, चूप राहा ना," ललिता म्हणाली.

दुपारी परीक्षा घेणारे साहेब झाडाखाली पाणी प्यायला आले. बोलण्यावरून इकडचेच, गोंडच दिसत होते. वारलूला राहवेना. गोंडांत नवा माणूस भेटला की पहिला सवाल ठरलेला, तुमचे देव किती? देव सारखे निघाले की दोघे भाऊ, मग त्यांच्या घरांत सोयरीकसुद्धा होत नाही. वारलूनं तोच सवाल केला.

"सहा," साहेब सवयीनं बोलून गेले.

"मंग तं आपन भाऊ! ललिता तुमचीच पोरगी झाली न साहेब!"

हे गेटवरच्या सगळ्यांनी ऐकलं, त्यात गावचे दोघे होते. जन्मभर दुसऱ्यांच्या मामांना शिव्या घातल्या, आणि स्वतःला भाऊ सापडताच गडी खुलला!

साहेब मात्र हसले नाहीत. "बरोबर बोलले भाऊ. माही पोरगी झाली. म्हनून तिची परीक्षा मी नाई घेत."

त्यांनी तिला शेजारच्या खोलीत पाठवलं. तिथे साताऱ्याकडच्या मॅडम होत्या, नोकरीनिमित्त इकडे येऊन गोंडी शिकलेल्या. परतताना बसमध्ये वारलू एकच घोकत होता. घाटावरची बाई! गेली पोरीची नोकरी, आणि गेली ती आपल्याच तोंडानं.

पण ललिता लागली, तीही वरच्या नावांत. वारलू आधी रडला, मग जिलेबीचा पुडा घेऊन टपरीवर धावला.

"लागनारच होती, वारलूभाऊ," निकेश जिलेबी उचलत म्हणाला. "सहा देववाला साहेब भेटला न तुमाले."

"नाई रे! त्यानं तं परीक्षाच नाई घेतली. घाटावरच्या बाईनं घेतली!"

"मंग त्यानं तिले सांगतलं असन," बाकावरून कोणीतरी म्हणालं. "पानी कुठी तरी मुरतेच न भाऊ. तुमीच तं सांगता."

वारलूनं सहाही देवांची शपथ घेतली. तसे ते आणखीच हसले. त्याला भयंकर राग आला, पण हे सगळं त्यानंच तर शिकवलं होतं.

घरी ललिता अंगणात बूट पुसत होती. वारलू तिच्यापाशी येऊन बसला. टपरीवरचं बोलणं डोक्यातून जात नव्हतं.

"पोरी, सच सांग. त्या साहेबानं मॅडमले काई सांगतलं तं नाई?"

ललिताचा हात थांबला. ती चिडली असती तर बरं झालं असतं.

"माह्या मांगं सायकल कोन चालवत होतं, बाबा?" तिनं विचारलं.

वारलूच चालवत होता. रोज. आणि तरी त्यानं विचारलं होतं.