रिकाम्या बस्करांचा वर्ग

"उठा रे सगळे. बाहेर व्हा. आता याचा पाठ आहे."

परीक्षक एवढंच बोलले, आन् इंदापूरच्या शाळेतला भरलेला वर्ग माझ्या डोळ्यांदेखत रिकामा झाला. माझा इटाळ नको म्हणून पोरं भिताडाला घासत गेली. खाली नुसती बस्करं ऱ्हायली.

मास्तर व्हायचं तर पुण्याला ट्रेनिंग कॉलेजात जायचं, आन् तिथं घ्यायचं का न्हाय ते ही परीक्षा ठरवणार. लेखी मी व्हरांड्यात बसून पास झालो होतो. आता नमुना पाठ. सगळ्यांना एकच धडा, एकच वर्ग. निम्मे मार्क पोरांच्या उत्तरांवर. पळसदेवच्या महारवाड्यातनं इथवर आलेला मी पहिलाच. भाकरी बांधताना आई म्हणाली होती, "मास्तर हो बाबा. मंजी मेलेली ढोरं वढाय तुला कुणी हाळी मारणार न्हाय."

मी इचारलं, "साहेब, शिकवू कुणाला?"

"पालकांची हरकत आहे. पोरं समोर आहेत असं समज. परीक्षा सगळ्यांना सारखीच."

आन् मी गाढव, शिकवाय लागलो. बस्करांना! धडा नदीचा होता. फळ्यावर भीमा काढली. इचारलं, "सांगा बरं, नदी कुठनं येती?"

"उत्तर आलं नाही," परीक्षक म्हणाले, आन् टाक चालवला. आपला पाठ उरकून मागं बसलेले दोघं उमेदवार उपरण्यात तोंड घालून हसले.

दुसरा प्रश्न इचारला.

"उत्तर आलं नाही."

तवा अंगाचा तिळपापड झाला. पोरं ह्यांनीच उठवली, आन् पोरं बोलत न्हाईत म्हणून भोपळा मला? खडू खाली ठेवला.

"साहेब, मी नापास न्हाय. माझी परीक्षाच झाली न्हाय. लिवा तसं. पोरं दिली न्हाईत, असं लिवा."

"माजलास काय रे? चालता हो."

चालता झालो. दारातनं मागं बघितलं. बाकीच्यांचा फळा फडक्यानं पुसत होते. माझी नदी गडी पाण्यानं धूत होता.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. मला रडू आलं, लाज कशाची. आई म्हणाली, "पोरं काय त्यांच्यातच हाईत व्हय? आपल्यात न्हाईत?"

त्याच सांजंला आमच्या चावडीम्होरं वर्ग भरवला. महारवाड्यातली झाडून सगळी पोरं. शेंबडी, उघडी. कुणाच्या काखंत धाकटं भावंड. त्यांना तोच नदीचा धडा दिला. आता खडाखडा उत्तरं देत्यात.

औंदा मी परत अर्ज केलाय. त्याच शाळंत, त्याच परीक्षकापुढं जाणार हाय. एकटा न्हाय जायचा. ही सगळी पोरं माझ्यामागनं आत येतील आन् त्याच बस्करांवर बसतील. मग मी इचारीन, नदी कुठनं येती.

त्यांना म्हणावं, आता उठवा.