अक्काच्या नावाचं रडणं

अक्का दुपारी वाचनालयात आली नाही, की माझं काही खरं नसतं. पंख्याखालच्या बाकाकडे मान सारखी वळते. कोणी पुस्तक बदलायला आलं तर भलत्याच्याच कार्डावर शिक्का मारून बसते. घरचे म्हणतात, तुझा स्वभावच काळजीखोर. असेलही. पण या काळजीला कारण आहे, आणि ते कारण मी माझ्या टेबलाच्या खणात कुलूप लावून ठेवलेलं आहे.

एरंडोलच्या आमच्या वाचनालयात वरच्या मजल्यावर एक खोली आहे. बाहेर पाटी ‘स्थानिक इतिहास दालन’. पाटी वाचून माणूस दबकत आत येतो आणि दोन लोखंडी कपाटं बघून हसतो. जुन्या लग्नपत्रिका, जत्रेची हँडबिलं, बंद पडलेल्या एका साप्ताहिकाचे गठ्ठे, कापसाच्या जिनिंगमधल्या कामगारांचे फोटो, असा सगळा ऐवज. आमचे सचिव, ज्यांना सगळं गाव नाना म्हणतं, एकदा म्हणाले, “कागद पुष्कळ झाले. आता आवाज गोळा करा.” म्हणून छोटा रेकॉर्डर घेतला आणि शनिवारी बायकांना बोलवायला लागलो. चहा, फुटाणे आणि गाणी. जात्यावरच्या ओव्या आल्या, हळदीची गाणी आली, आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीची तर इतकी आली की शेवटी मीच हात जोडले. एकमेकींना कोपरखळ्या मारत, लाजत, हसत बायका गात होत्या. मला वाटलं, चला, झालं काम.

पण नानांचं समाधान होईल तर ना! “जन्मापासून मरणापर्यंतचं सगळं पाहिजे. वर्धापनदिनाला लोकांना ऐकवू. मरणाचं तेवढं राहिलंय.”

बोलायला काय जातंय! आमच्याकडे मयत झालं की बायका हेल काढून रडतात, आणि त्या रडण्यात गेलेल्या माणसाचा सगळा जन्म येतो. तो काय खायचा, कोणावर चिडायचा, कोणत्या लेकीला न्यायला स्टँडवर उभा राहायचा. ते रडणं आता कमी होत चाललंय. हल्ली मयतीत लोक मोबाईलही सायलेंटवर ठेवतात आणि स्वतःलाही. तरी तसं रडता येणाऱ्या बायका गावात होत्या. मी दारोदार गेले. एकीने तोंडावर दार लावलं. दुसरी म्हणाली, “बाई, माझ्या घरात सगळे धडधाकट आहेत. तू ऊठ बघू आधी.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

राहिली अक्का. एकटी बाई, मूलबाळ नाही, नवरा जाऊन खूप वर्षं झाली, एक भाचा काय तो धुळ्याला. रोज दुपारी यायची आणि वर्तमानपत्र मागच्या पानापासून वाचायला घ्यायची. मागच्या पानावर निधनवार्ता. एके काळी गावात कुठेही मयत झालं की पहिला निरोप अक्काला जायचा. ती जाऊन बसली की मगच बाकीच्यांना रडू फुटायचं, असं जुन्या बायका सांगतात.

मी विचारलं तर ती चिडली नाही. पेपर खाली ठेवून म्हणाली, “कोना नावनं रडू वं माय? नाव लागस.”

नावाशिवाय ते रडणं येतच नाही, हे मला कुठे ठाऊक! मी म्हटलं, खोटं नाव घेऊ या. तशी उसळली, “त्या नावाचा माणूस कुठेतरी असेल ना? त्याला लागलं म्हणजे?” मग मी भीतभीत तिच्या नवऱ्याचं सुचवलं. तर म्हणे, त्याचं रडून झालं. दोनदा रडलं की गेलेला माणूस मागे वळून बघतो. मी विषय सोडला. वर्धापनदिन जवळ आला होता आणि नाना रोज विचारत होते. 

आणि एका दुपारी अक्का आली ती थेट वर, दालनात. पंखा बंद केला, दार लोटलं.

“मशीन काढ. मन्हा नावनं रडस.”

स्वतःच्याच नावाने? मी एकदम उभीच राहिले. “काहीतरीच काय अक्का! शुभ बोल.”

“बठ्ठा गावसाठे मी रडनी,” ती म्हणाली. “मन्हासाठे कोन रडी?”

अख्ख्या गावासाठी रडलेली बाई ती. मी म्हटलं, भाचा आहे ना. ती हसली. भाचा धुळ्याहून येईल, स्पीकरवर भजनं लावेल आणि संध्याकाळच्या गाडीने परत जाईल, एवढं ती ठामपणे म्हणाली. तिची अट एकच होती. ती असेपर्यंत हे कोणाला ऐकवायचं नाही. ती गेली की दारात लावायचं.

खरं सांगते, मला ते रेकॉर्डिंग हवं होतं, तरी बोट बटणावर जाईना. आपण बटण दाबलं आणि हिला काही झालं तर? असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, असं मी चारचौघांत म्हणते. त्या खोलीत मात्र होता. शेवटी तिनेच माझं बोट धरून बटणावर दाबलं.

ती लेक होऊन रडली. तिला नसलेली लेक. माय वं, तुझं भरीत कोण भाजेल, माय वं, वाचनालयाचा बाक सुना पडला, पेपरात आज तुझंच नाव आलं आणि वाचायला तूच नाही. प्रत्येक कडव्यानंतर ती थांबायची आणि माझ्याकडे बघायची. मला कळेना. तिने हाताने खूण केली. तिथे दुसरीने गळ्यात पडून ‘माय वं’ म्हणायचं असतं. लेकीला साथ लागते, एकटीने रडायचं नसतं. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.  ती दर वेळी तेवढी जागा सोडत गेली, आणि मी दर वेळी नुसती बघत बसले.

संपल्यावर तिने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, “त्या जागा तू भर. तव्हय.” तेव्हा म्हणजे कधी, ते आम्हा दोघींनाही कळत होतं.

वर्धापनदिनाला मरणाचं गाणं नव्हतं. नाना दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. फुगू देत. मी रेकॉर्डर खणात ठेवून कुलूप लावलं, आणि तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला. अक्का खोकली की मी पाणी घेऊन हजर. अक्का जिना चढताना थांबली की मी खुर्चीतून अर्धी उठलेली. ती मात्र निवांत. मागच्या पानापासून पेपर.

परवा ती आली नाही. वाट पाहिली, फोन लावला, वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. वाचनालय तसंच उघडं टाकून मी निघाले. रिक्षा मिळेना, चालतच सुटले. डोक्यात एकच, मीच ओढवलं हे, मीच बटण दाबलं. तिच्या गल्लीत शिरले तर घराचं दार सताड उघडं आणि बाहेर दोन-तीन बायका उभ्या.  उंबऱ्यापर्यंत कशी पोचले मला माहीत नाही. आत अंधारात खाटेवर अक्का डोक्यावरून चादर घेऊन पडलेली.

आणि माझ्या पोटातून ते आलं. मोठ्याने, हेल काढून, गल्लीतल्या सगळ्यांसमोर. माय वं. माय वं. थांबवता येईना. मी खाली बसले आणि खाटेच्या पायाला धरून रडत राहिले.

चादर बाजूला झाली. “जित्ती शे मी, जित्ती!” अक्का तापाने लाल झाली होती, केस विस्कटलेले. बाहेरच्या बायका तिला दवाखान्यात नेण्यासाठी रिक्षाचीच वाट बघत होत्या. मला लाज वाटली, हसू आलं, तरी रडू थांबेना. कोणी पाणी दिलं.

अक्का उशीवर कोपर टेकून माझ्याकडे बघत राहिली. रागावेल, मला वाटलं. जित्या माणसावर रडले होते मी. पण तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात चटका बसेल इतका गरम होता.

“परत म्हन,” ती हळूच म्हणाली. “एक डाव. माले आयकू दे.”

आणि तिच्या उशाशी बसून मी परत म्हटलं.